बिल अर्धं झालं नाही, पण पंखा रात्रभर फिरला: डिचोलीतल्या एका विक्रीचं प्रकरण

जून 2023 मधला एक बुधवार. गोव्यातल्या डिचोलीचा आठवड्याचा बाजार, वरून पावसाची झड, आणि आमच्या डीलरच्या काउंटरखाली पंख्यांचे सात खोके एकावर एक रचलेले. खोके नवे, पण चिकटपट्टी दुसऱ्यांदा मारलेली. म्हणजे परत आलेला माल. मी खोक्यांवरचे नंबर उतरवून घेत होतो, तेवढ्यात फोनवर कंपनीच्या मुंबई ऑफिसचा मेल आला. याच मॉडेलला ग्राहकांनी पाचपैकी साडेचारच्या वर गुण दिले होते, आणि गोव्याच्या टीमचं त्याबद्दल अभिनंदन होतं.

डीलर काकांना मी मेल वाचून दाखवला. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग त्यांना सांग, इथे आणखी सात तारे पडलेत, तेवढे घेऊन जा."

मी वितरकाकडे नोकरीला आहे. डिचोली आणि सत्तरी हे दोन तालुके म्हणजे माझा पट्टा. डीलरकडे माल लावायचा, स्कीम समजावायच्या, क्लेम वर पाठवायचे, हे माझं काम. संशोधन वगैरे माझ्या कामात बसत नाही. पण त्या दिवशी दोन खऱ्या गोष्टी एकाच टेबलावर होत्या आणि एकमेकींशी जुळत नव्हत्या. मेलमधले गुण कंपनीने फुगवलेले नव्हते, ते मी नंतर तपासलं. खोकेही खरेच होते. पुढचे तीन महिने या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात गेले, त्याची ही हकीकत. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाही.

माल काय होता

1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. एसीला आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजला ते 2010 पासून लागतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तारे ओळखीचे होते. पंख्यावर मात्र ते नवीन होते, आणि पंख्याचे तारे मोजायची रीत वेगळी आहे. पंखा दर मिनिटाला जितके घनमीटर हवा ढकलतो, त्याला तो जितके वॉट खातो त्याने भागायचं. 1200 मिलिमीटरच्या, म्हणजे आमच्या भाषेत अठ्ठेचाळीस इंची पंख्याला तेव्हा भागाकार 4 आला तर एक तारा मिळायचा, 6 किंवा वर गेला तर पाच. हवा मात्र किमान 210 घनमीटर लागायचीच.

हा भागाकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाच तारे म्हणजे जास्त वारा, असं लेबल कुठेच म्हणत नाही. एका वॉटला किती वारा, एवढंच ते सांगतं.

आमचं मॉडेल पाच ताऱ्यांचं, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचं, 30 वॉटचं. आपल्या घरात वर्षानुवर्षं फिरणारा जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागाला कायमचे चुंबक असतात. कॉइलमध्ये वीज कधी सोडायची आणि कधी थांबवायची हे एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो. साध्या मोटरमध्ये जी वीज उष्णता होऊन वाया जाते, त्यातली बरीचशी इथे वाचते. म्हणून तास-दोन तास फिरलेल्या जुन्या पंख्याच्या मोटरला हात लावला की चटका बसतो आणि हा मात्र कोमटच असतो. पण सगळा जीव त्या बोर्डात. जुन्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर थोड्या पैशांत नवा, वायंडिंग जळलं तर साखळी गावात जाऊन रिवायंडिंग. बोर्ड गेला की कंपनीची वाट बघणं आलं.

बॅनर, आणि त्यातली माझी चूक

कंपनीच्या मूळ इंग्रजी जाहिरातीचा अर्थ होता: पंख्याच्या विजेत 60 टक्क्यांपर्यंत बचत. हे बरोबर आहे. 75 वरून 30 म्हणजे 60 टक्केच. मराठी बॅनर स्थानिक पातळीवर करायचा होता आणि ते काम माझ्याकडे आलं. म्हापशाच्या फ्लेक्सवाल्याच्या संगणकासमोर बसून आम्ही दोघांनी ते वाक्य लहान लहान करत नेलं. "पंख्याच्या विजेत" हे शब्द जागा खात होते. "पर्यंत" बोजड वाटत होतं. शेवटी लाल अक्षरांत उरलं ते असं: "वीजबिल अर्ध्यावर!" खाली कोपऱ्यात चांदणी आणि इंग्रजीत बारीक अक्षरांत अटी.

मुंबईहून बॅनर पास होऊन आला. कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

बिल आणि पंखा यांत केवढा फरक आहे, ते एका घराच्या हिशेबात दाखवतो. एक पंखा दिवसाला बारा तास फिरला तर 75 वॉटने महिन्याला 27 युनिट होतात, 30 वॉटने 10.8. वाचले 16.2 युनिट. घरात तीन पंखे बदलले तर सुमारे 49 युनिट. घराचा वापर 250 युनिटचा असेल तर तो 200 च्या जवळ येतो. गोव्यात घरगुती दर शंभर-शंभर युनिटच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यातली असतात, हा फायदा आहेच. पण स्थिर आकार तेवढाच राहतो, फ्रीज, गिझर, पंप, मिक्सर जागच्या जागी राहतात. बिल पाचव्या हिश्शाने उतरेल, फार तर थोडं जास्त. एकच पंखा घेतलेल्या माणसाला तर फरक शोधावा लागेल. आणि आमच्याकडे बहुतेक लोक एका वेळी एकच पंखा घेतात, हॉलचा.

दुसरी गोष्ट मला बरीच उशिरा दिसली. कंपनीच्या पत्रकात पैसे किती दिवसांत वसूल होतात याचा तक्ता होता, आणि त्यात युनिटला आठ रुपये धरले होते. आठ रुपये हा मोठ्या शहरातला विचार. गोव्यातल्या घरगुती ग्राहकाला तेव्हा अगदी वरच्या टप्प्यातही एवढा दर लागत नव्हता. साध्या आणि या पंख्याच्या किमतीत 1400 रुपयांचा फरक धरला तर आठ रुपयांच्या हिशेबात तो अकरा महिन्यांत वसूल होतो. साडेतीन रुपये धरा, तर दोन वर्षांच्या वर जातं. पंखा तरीही परवडतोच. फक्त पत्रकात लिहिलंय त्या दिवशी नाही.

आणि तिसरी. तक्ता 75 वॉटच्या पंख्याशी तुलना करत होता. घरात चालू असलेला जुना पंखा काढून नवा लावणाऱ्यासाठी ती तुलना ठीक आहे. पण घर बांधून नवा पंखा घ्यायला आलेल्या माणसासमोर 75 वॉटचा पर्याय राहिलेलाच नव्हता. सक्तीच्या लेबलनंतर काउंटरवरचा सगळ्यात स्वस्त, एक ताऱ्याचा आणि किमान हवेचा पंखाही 210 भागिले 4, म्हणजे पन्नास-बावन्न वॉटच्या आत यावा लागत होता. त्या माणसाची खरी बचत महिन्याला आठेक युनिट. त्याच्याशी बोलताना आम्ही अर्ध्याहून जास्त बचत अशी दाखवत होतो, जी त्याला मिळणंच शक्य नव्हतं.

खाणी 2012 मध्ये आणि मग 2018 मध्ये पुन्हा थांबल्यापासून आमच्या तालुक्यात माणूस खर्च करताना दोनदा विचारतो. त्याने बॅनरचा शब्द शब्दशः घेतला, पंखा लावला आणि पुढच्या महिन्याचं बिल घेऊन दुकानात आला. त्याचं काय चुकलं?

खोके उघडले

सात खोके आम्ही एका दुपारी उघडले. काका, त्यांच्याकडे पंखे बसवणारा वायरमन आणि मी.

चार पंख्यांचे बोर्ड एकाच तऱ्हेने गेले होते. वायरमनने काही न बोलता मान हलवली, कारण त्यातले दोन त्यानेच बसवले होते. खरेदी झाल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ येऊन पंखा बसवणार, अशी पद्धत होती. तो पणजीकडून येणार, चार-पाच दिवसांनी. मे महिन्याच्या उकाड्यात चार दिवस कोण थांबणार? लोकांनी गावातला वायरमन बोलावला. त्याने जुना पंखा उतरवला, नवा चढवला, भिंतीवरचा गोल बटणाचा रेग्युलेटर होता तिथेच ठेवला. इतकी वर्षं तसंच करत आलाय.

असा रेग्युलेटर बहुधा विजेची लाट कापून पंखा हळू करतो. बीएलडीसीच्या बोर्डाला अशी कापलेली वीज चालत नाही. बटण पूर्ण पाचवर असेपर्यंत सगळं सुरळीत. मग पहिल्या पावसाच्या रात्री गारठा पडतो, कुणीतरी सवयीने उठून बटण दोनवर फिरवतं आणि बोर्ड संपतो. रेग्युलेटर काढून जोड थेट करा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. इंग्रजीत, नवव्या पानावर. कंपनीने या चारही तक्रारींवर एकच शेरा मारला होता: चुकीची जोडणी, वॉरंटी लागू नाही.

दोन पंखे जूनच्या सुरुवातीच्या विजांच्या गडगडाटात गेले. मृगाच्या आधी आमच्याकडे जे कडाडतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. टीव्हीची वायर काढून ठेवणं ही घराघरातली सवय आहे. पण छताचा पंखा कोण काढून ठेवणार?

सातवा पंखा ठणठणीत होता. आम्ही तो दुकानातच लावला, छान फिरला. परत का आला, हे बिलाच्या मागे काकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे, कोंकणीत. आमच्याकडे बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत चालतं, पण तक्रार बहुधा बोलीतच उतरते. "फॅन घुंवता, पूण वारें लागना." पंखा फिरतो, पण वारा लागत नाही.

पाच तारे कुणी दिले

आता तो साडेचारचा आकडा. कंपनीची रीत अशी: पंखा बसला की बिलावरच्या मोबाइल नंबरवर एक लिंक जाते, एक ते पाच तारे द्यायचे. तंत्रज्ञाचं काम बंद करायला त्याच नंबरवरचा ओटीपी लागतो.

मी त्या महिन्यातल्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांची घरं माझ्या रोजच्या वाटेवर होती, त्यांच्याकडे गेलो. नमुना कसा निवडला म्हणाल तर असाच, स्कूटर जाईल तिथे. त्यामुळे टक्केवारी वगैरे काढायच्या भानगडीत मी पडलो नाही.

होंडा गावाच्या पलीकडच्या एका वाड्यावर नळ्यांचं जुनं घर. हॉलमध्ये आमचा पंखा, त्याखाली खाटेवर एक आजी भाजी निवडत बसलेली. पंख्याबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "पुता, मला विचारतोस? फोन आला तो पुण्याला, मुलाला." बिलावर मुलाचा नंबर होता, कारण पैसे त्याने पाठवले होते. तंत्रज्ञाने पुण्याला फोन करून ओटीपी घेतला, आणि जाता जाता सांगितलं की साहेब, पाच द्या, चार दिले तरी माझे पैसे कापतात. मुलाने गाडीत बसल्या बसल्या पाच दिले. त्या पंख्याखाली तो अजून एकदाही बसला नव्हता. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येणार होता.

आजीला पंखा चालवायचा कसा, हेच मुळात कळलं नव्हतं. रिमोट तिने सुतळीने खाटेच्या पायाला बांधून ठेवला होता, हरवू नये म्हणून. पण सुतळी इतकी आखूड की रिमोट पंख्याकडे वळवता येईना. तो वळत नसल्यामुळे ती भिंतीवरचं बटण बंद-चालू करत होती. आठ दिवस पंखा एकाच वेगात, दिवसरात्र. मी सुतळी सोडून लांब करून दिली. पुस्तिका लिहिणाऱ्याने कधी अशी खाट पाहिली असती तर भिंतीवर लावायचा रिमोट-होल्डर खोक्यातच टाकला असता. दहा रुपयांचं प्लास्टिक.

असे आणखी चार-पाच पाच-तारे मला सापडले. कुणी दुकानात असताना दिलेले, कुणी तंत्रज्ञाच्या हातात फोन दिला होता आणि त्यानेच बोट टेकवलं. ऑनलाइन परीक्षणं कशी गोळा करावीत यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढलं. आमची ही लिंक त्या मापात येत नव्हती, पण ते वाचताना मला सारखी ती आखूड सुतळी आठवत होती.

विचारलं कधी, हाही प्रश्न आहेच. बसवल्याच्या दिवशी पंख्याबद्दल कळतं ते एवढंच की फिरतो आणि दिसायला बरा आहे. बिल एक-दोन महिन्यांनी कळतं. बोर्ड पहिल्या पावसात कळतो. कंपनीने मोजलं ते तंत्रज्ञाचं वागणं, आणि फळ्यावर लिहिलं ते पंख्याचं यश म्हणून.

वारा का लागत नव्हता

सातव्या पंख्याच्या मालकाकडे मी मुद्दाम गेलो. मला वाटलं होतं मनाचे खेळ असतील. घर बघितलं आणि गप्प बसलो. जुनं घर, उंच छप्पर, पंखा वाशाला फूटभर दांडीवर टांगलेला. खाली जमिनीपासून पंख्यापर्यंत बारा-तेरा फूट. आधीचा पंखा त्याच दांडीवर होता, पण तो जुना आणि ताकदीचा, हवा जास्त फेकायचा. आमचा किमान अटीच्या थोडा वर. तो तारे कमावतो वॉट कमी करून, हवा वाढवून नव्हे. शिवाय त्याच्या पात्याचा आवाज कमी. आवाज कमी आला की माणसाला वाराही कमी वाटतो, असं काका म्हणतात. हे शास्त्र आहे की अनुभव मला सांगता येणार नाही.

आम्ही तीन फुटांची दांडी आणून पंखा खाली घेतला. गृहस्थ बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "आता हा परत नेऊ नका." परत नेलेला मी आणून लावला होता, हे ते विसरले होते.

वहीत काय निघालं

जुलैमध्ये काकांच्या काउंटरवर मी एक दोनशे पानी वही ठेवली. दुकानातल्या पोराला सांगितलं, पंख्याबद्दल कोणी काहीही बोललं तर लिहायचं, शुद्ध करायचं नाही. "बील उणें जावंक ना", म्हणजे बिल कमी झालं नाही, हे वाक्य वहीत सारखं येत होतं, ते अपेक्षितच. रिमोट हरवला, रिमोट मुलाने फोडला, सेल मिळत नाहीत, हेही. कौतुकाचं मात्र आम्ही काही वेगळंच वाचलं.

"लायट गेली तरी सकाळमेरेन चलता." वीज गेली तरी सकाळपर्यंत चालतो.

सत्तरीत जुलै म्हणजे वारा, तारेवर पडलेलं झाड आणि मेणबत्ती. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आहे. 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बारा व्होल्टच्या बॅटरीत सांगायला 1800 वॉट-तास असतात, प्रत्यक्षात हाताशी येतात बाराशेच्या आसपास. जुन्या तीन पंख्यांना 225 वॉट लागतात. रात्री दहाला वीज गेली तर पहाटे तीनला पंखे थांबतात, आणि मग मच्छर. नव्या तीन पंख्यांना 90 वॉट. तेरा तास. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरवर साधा पंखा जो घूंऽऽ करत राहतो, तो हा करत नाही.

तिसरं वाक्य वाळपईकडच्या एका गिऱ्हाइकाचं होतं: संध्याकाळी सगळ्यांचे पंखे मंद होतात, आमचा होत नाही. लाइनच्या टोकाला संध्याकाळी दाब पडतो, साधा पंखा त्यासोबत मंदावतो. बीएलडीसीचा बोर्ड आत येणारी वीज आधी आपल्या सोयीची करून घेतो, म्हणून वेग टिकतो.

ही दोन्ही वाक्यं कंपनीच्या पत्रकात कुठेही नव्हती. ती इंजिनिअरला माहीत असणार, पण जाहिरात लिहिणारा बसतो मुंबईत, तिथे रात्रीची वीज जात नाही. पंख्यात विकण्यासारखं जे सगळ्यात चांगलं होतं ते आम्ही विकतच नव्हतो, आणि जे त्यात तेवढं नव्हतं त्याचा दहा फुटी बॅनर लावून बसलो होतो.

लाल दिवा मोजणं

बॅनर काकांनी ऑगस्टमध्ये उतरवला. उलटा करून मागच्या गोदामात गळतीखाली टाकला. त्याच्या जागी वायरमनने एका प्लायवूडवर दोन पंखे, दोन स्विच आणि बाजारातून आणलेला एक साधा विजेचा मीटर बसवला. मीटरवर 3200 लिहिलेलं होतं. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट.

गिऱ्हाईक आलं की पोरगा जुना पंखा चालू करायचा. दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकायचा. मग तो बंद, नवा चालू. गिऱ्हाईक वाट बघतंय, दिवा लागत नाही, लागत नाही, मग एकदा लागला. पाच मिनिटांत जुन्याचे वीस, नव्याचे आठ. चहा यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हातारी माणसंसुद्धा बोटांवर मोजायची. काही जणांनी घरी जाऊन बाकी सगळं बंद करून आपापल्या मीटरवर तेच केलं आणि सांगायला परत आले.

पोराला मी एक वाक्य पाठ करायला लावलं होतं: "हा पंख्याचा हिशेब आहे, बिलाचा नाही. बिल थोडं उतरेल." सुरुवातीला तो कचरला, गिऱ्हाईक पळेल म्हणून. काहीजण पळालेही. एक ताऱ्याचा पंखा घेऊन गेले, आणि नवं घर असेल तर काका त्यांना अडवत नसत. मला हे पहिल्यांदा खटकलं, कारण टार्गेट माझं होतं.

प्रत्येक पंख्यासोबत काका स्वतःच्या खिशातून एक कोरी प्लेट द्यायला लागले, रेग्युलेटर काढल्यावर भिंतीत जे भोक उरतं ते झाकायला. त्या प्लेटने जे काम केलं ते नवव्या पानाने केलं नव्हतं. हातात प्लेट आली की वायरमन विचारतो, ही कशाला? मग कळतं.

चवथ त्या वर्षी 19 सप्टेंबरला होती. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, रोषणाईच्या माळा आणि पंखे, सगळ्यांची गर्दी एकाच आठवड्यात. त्या हंगामातल्या विक्रीतून रेग्युलेटरमुळे बोर्ड गेलेला एकही पंखा काकांकडे परत आला नाही. विक्री किती वाढली म्हणून तुम्ही विचाराल. फार नाही. चवथीला पंखे तसेही खपतात, त्याचं श्रेय प्लायवूडला देणं बरोबर होणार नाही.

मुंबईचे साहेब

ऑगस्टच्या शेवटी मार्केटिंगचे साहेब आले होते. माणूस चांगला, ऐकून घेणारा. वही चाळली, आजीची गोष्ट ऐकून हसले. मी म्हटलं, "सर, पंख्याखाली बसणाऱ्याला आपण विचारतच नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण मला महिन्याच्या पाच तारखेला वर आकडा द्यावा लागतो. वही नाही देता येत."

बॅनरचा विषय मात्र त्यांनी गंभीरपणे घेतला, आणि त्याचं कारण कायद्यात होतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट म्हटलंय की दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासा हवा, आणि खुलाशाने दाव्यातली फसगत झाकता येणार नाही. आमचा दावा मराठीत होता आणि चांदणीखालचा खुलासा इंग्रजीत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. त्यांनी फोटो काढायला बॅनर मागितला. काकांनी गळतीखालून आणून दाखवला, शाई ओघळलेली होती. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाच्या नावावर केलेल्या दाव्यांसाठी वेगळी तत्त्वं आली. तुलना करायची तर ती पडताळता येईल अशा माहितीवर हवी, असं त्यांत आहे. आमच्या 75 वॉटच्या तक्त्यासारख्या तुलनेलाही तोच विचार लावायला हवा होता.

सातपैकी चार पंख्यांचे बोर्ड शेवटी कंपनीने बदलून दिले, "सद्भावनेपोटी". गडगडाटात गेलेले दोन त्यांत होते, रेग्युलेटरवाल्यांपैकी दोन. बाकीच्या दोघांचे काकांनी भरले. कोणते दोन सद्भावनेत बसतात हे कसं ठरलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. बसवल्यानंतर साठ दिवसांनी दुसरी लिंक पाठवायची, हे 2024 च्या उन्हाळ्यापासून सुरू झालं. तीही बिलावरच्याच नंबरवर जाते.

नवं पत्रक एप्रिल 2024 मध्ये आलं. मराठीत, चांगल्या कागदावर. वर ठळक अक्षरांत: "वीज गेली तरी रात्रभर वारा." आमच्या वहीतलंच वाक्य, थोडं धुऊन-पुसून. मागच्या बाजूला पैसे वसूल होण्याचा तक्ता तसाच, युनिटला आठ रुपये.

काकांनी गठ्ठा सोडवला, खिशातलं बॉलपेन काढलं आणि दुपारच्या निवांत वेळात एकेका पत्रकावरचा 8 खोडून त्याच्या वर साडेतीन लिहीत बसले. दोनशे पत्रकं होती. अर्ध्यावर आल्यावर पेन माझ्याकडे दिलं.